रिपोर्टमध्ये नसलेला रकाना

रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत अधूनमधून 'नागमणी' येतोच. बहुतेक वेळा काच निघते. लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, हवेचे बुडबुडे दिसले की काम संपतं. या वेळी आलेला खडा काचेचा नव्हता.

सांगलीकडचे काका आणि त्यांची सून आले होते. पितळी डबीत, पिवळ्या वस्त्रात लिंबाएवढा गोल खडा. काकांनी तो ओंजळीत झाकला आणि फटीतून मला दाखवला. आत हिरवा उजेड होता. किती पैसे मोजले ते त्यांनी सांगितलं नाही, पण ऊस लावायचं रान गहाण पडलंय हे सून बोलून गेली.

माझे काही सहकारी अशा गिऱ्हाइकांना सरळ मूर्ख म्हणतात. मला ते पटत नाही. सापाच्या डोक्यावरचा मणी दिव्याच्या ज्योतीसारखा झळकतो हे वराहमिहिरानेही बृहत्संहितेत लिहून ठेवलंय. स्यमंतकाची गोष्ट तर आपण दर गणेशचतुर्थीला ऐकतो. या गोष्टींवर वाढलेल्या माणसाच्या हातात खरोखर उजळणारा दगड ठेवला, तर त्याने काय करावं?

गोल खड्याला सपाट पैलू नसतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे दगडात उजेड किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, द्रवाचा अगदी बारीक थेंब ठेवून, डोळा लांब धरून वाचन घ्यावं लागतं. तो वाकण्याचा आकडा, वक्रीभवनांक, आला 1.54 च्या आसपास. गारगोटीचा तेवढाच असतो. पण पाण्यात तोलून पाहिलं तर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, तीनच्या वर, आणि गारगोटीचं असतं 2.65. आकडे असे भांडायला लागले की संशय पृष्ठभागावर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली एका कडेला टवका उडालेला सापडला. आतली जागा आरशासारखी सपाट, म्हणजे दगड ठरावीक पातळीवर फुटणारा. तेवढ्याच जागेवर थेंब टेकवला आणि वाचन आलं 1.43.

फ्लोराइट! निसर्गात सापडणारं एक खनिज. आधीचं 1.54 हे वाचन वर दिलेल्या लेपाचं होतं.

अतिनील दिव्याखाली सगळा गोळा हिरवा पेटला, टवक्याच्या जागी मात्र निळसर जांभळा ठिपका दिसला. तो या खनिजाचा स्वतःचा रंग. वरचा हिरवा होता रेझिनमध्ये कालवलेल्या पुडीचा. अंधारात चमकणाऱ्या पाट्यांना लावतात तसली, बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड. उजेड पिऊन घेते आणि पुढे काही तास सोडत राहते. इतका देखणा नैसर्गिक दगड लेपाखाली गाडलेला बघून मला फसवणुकीइतकाच त्याचाही राग आला.

काकांना एवढं सांगितल्यावर ते गप्प बसले. सून मात्र पुढे सरकली.

"ताई, मग तो मधे मधे विझायचा का?"

विकणाऱ्याने सांगून ठेवलं होतं, अशुद्ध हात लागला की मणी रुसतो. डबी बंद राहिली की खडा विझायचा आणि बोट सुनेकडे जायचं. पाळीच्या दिवसांत तिला माजघरात यायची बंदी झाली. पुढे तर मणी विझला की ती कुठे कुठे वावरली याची चौकशी व्हायची. मग ट्यूबलाइट लावून पूजा मांडली की खडा पुन्हा उजळायचा, म्हणजे पूजा पावली!

मी अर्ध्या खड्याला काळी चिकटपट्टी लावली, टॉर्च काकांच्याच हातात दिला. मिनिटभर उजेड पाडून दिवे घालवले आणि पट्टी काढली. अर्धाच गोळा हिरवा दिसत होता. नंतर सुनेला तो हातात घ्यायला सांगितलं. तिने घेतला. काही बदललं नाही.

काका म्हणाले, "म्हणजे उजेडाचंच होतं व्हय." सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल सांगितलं, पोलिसांत जा म्हटलं, तर भावकीत हसं होईल म्हणाले.

रिपोर्टच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'चमक आधी मिळालेल्या प्रकाशावर अवलंबून. कोण हाताळतं याच्याशी संबंध नाही.' वरिष्ठांनी दुसरा भाग काढायला लावला. आपण दगडावर लिहितो, घरावर नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगशाळेच्या शिस्तीत ते बसतं, हे मला कळतं. पण मोजून, करून पाहिलेली गोष्टच मी लिहिली होती, आणि त्या बाईला त्याच अर्ध्या वाक्याची गरज होती.

शिवाय रिपोर्ट इंग्रजीत. झवेऱ्यांना तो चालतो. ज्याचं रान गहाण पडलंय त्याने तो कुणाकडून वाचून घ्यायचा? सुनेने मागितल्यावर मी कोऱ्या कागदावर सगळं मराठीत लिहून दिलं, काढून टाकलेल्या वाक्यासकट. त्यावर शिक्का नाही. घरात त्या कागदाला कोण किती मानेल, हा विचार डोक्यातून जात नाही. गिऱ्हाइकाला मराठीत रिपोर्ट मिळावा असा अर्ज मी दिलाय; उत्तर यायचंय.