अण्णांची राहिलेली ट्रिप

श्रीवर्धनहून बागमांडल्याला पोचलो, तर फेरीबोट नुकतीच सुटलेली. "हे असते तर चुकली नसती," आई म्हणाली. खरंच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस. सहाला निघायचं म्हणजे पावणेसहाला गाडीत, मग कुणाचं तोंड धुऊन झालेलं असो वा नसो.

पेन्शनीत आल्यावर अण्णांनी आम्हाला हिंडवायची ड्युटीच लावून घेतली. लॉज वर्ज्य. पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव घातलेल्या काळ्या ट्रंकेत ताडपत्री, दोर, मेस टिन. किनाऱ्यावर तीन दगड मांडून नारळाच्या सोडणांवर ते चहा करायचे. तो इतका धुरकट लागायचा की विचारू नका, पण बोलायची कुणाची टाप होती! वाटेत मात्र स्वतः कायम रांगेच्या शेवटी. थोड्या थोड्या वेळानं मागून मोजणी ऐकू यायची, "एक, दोन, तीन... सहा. चला!"

वेळासचं कात्रण त्यांच्या पाकिटात होतं. जायचं तेवढं राहिलं.

पुढची फेरीबोट मिळाली. सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. खाडीच्या तोंडावर टेकडीवरचा बाणकोट ऊर्फ हिम्मतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. अण्णांनी इथे पोरांना तासभर तरी तोफांचे मारे समजावले असते. आम्ही फोटो काढले आणि निघालो.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता गर्दी होते ती कासवांसाठी. पूर्वी ऑलिव्ह रिडलेची अंडी सर्रास चोरली जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला घेतली. रात्री मादी वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते. ती उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात.

पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी अकराच पिल्लं निघाली. चहाच्या बशीत तीन मावतील एवढी, ओल्या कोळशासारखी काळी. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. वल्ह्यासारखे पाय मारत निघायची, लाट आली की पुन्हा हातभर मागे. हात लावायला सक्त मनाई.

दहा गेली. अकरावं कार्यकर्त्याच्या पावलाच्या खळग्यात अडकलं. चढायचं, घसरायचं. लोक कंटाळून घावन्यांच्या ओढीनं परतू लागले. पोरंही कुरकुरायला लागली. आई जागची हलेना, चपला हातात धरून तशीच उभी.

मग एक मोठी लाट आली नि खळगा भरून परत गेली.

"अकरा," आई म्हणाली. "चला."