प्रार्थनेला उघडे डोळे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले आणि कोणाविषयी लिहावे हा प्रश्न मला पडलाच नाही. शाळा म्हटले की मला इतिहासाच्या बाई आठवतात. त्यांचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

मी नववीत असताना आईवडिलांनी विभक्त होण्याचे ठरवले. धाकटा भाऊ रोज रात्री अंथरुणात बसून देवाला विनवत असे. वडील सामान घेऊन गेले त्या रात्री त्याने मला विचारले, "ताई, आपण नीट मागितलं नाही का गं?" दुसऱ्या दिवसापासून मी प्रार्थनेच्या वेळी हात जोडणे आणि डोळे मिटणे सोडून दिले, आणि आठवडाभरातच ते बाईंच्या लक्षात आले.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला जिन्याखालच्या बाकावर बसवले. त्या रागावतील अशी माझी खात्री होती, कारण बाई स्वतः अतिशय श्रद्धाळू होत्या. मी भावाचा प्रश्न सांगितला. बराच वेळ गप्प राहून त्यांनी पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराच्या भूकंपाची हकीकत सांगितली. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ. चर्च भाविकांनी भरलेली असतानाच जमीन हादरली, छपरे कोसळली, सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांनी आगी भडकल्या आणि मागोमाग समुद्र शहरात शिरला. "त्या माणसांनी नीट मागितलं नव्हतं, असं कोण म्हणेल?" बाईंनी विचारले. पुढे त्यांनी असेही सांगितले, की या संहारावर फ्रेंच लेखक व्होल्तेअरने कविता लिहून संताप व्यक्त केला, तेव्हा तत्त्वज्ञ रूसोने १७५६ मध्ये त्याला पत्र लिहून कळवले, की सहा-सात मजल्यांची घरे दाटीवाटीने निसर्गाने नव्हे, माणसांनी बांधली होती. आणि तरीही रूसोची श्रद्धा ढळली नव्हती. "तुमच्या घरातला निर्णय दोन मोठ्या माणसांनी घेतला आहे. भावाला एवढंच सांग, की त्याच्या मागण्यात काही कमी नव्हतं. देवाचं तुझं तू ठरव, पण घाई करू नकोस."

त्या रात्री मी भावाला तसेच सांगितले. तो भिंतीकडे तोंड करून खूप रडला आणि कित्येक दिवसांनी शांत झोपला.

मी मात्र दहावी संपेपर्यंत प्रार्थनेला उघड्या डोळ्यांनी उभी राहिले. बाईंनी मला एकदाही टोकले नाही, की इतर शिक्षकांना टोकू दिले नाही. आज मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मूल अमूर्त विचार करू लागते, हे मानसशास्त्रज्ञ प्याजेचे प्रतिपादन मी पुढे अभ्यासले. पण त्या वयात सुचलेली शंका म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे मी त्या बाकावरच शिकले होते. प्रार्थना आता ध्वनिमुद्रित असते आणि मुले वर्गातच उभी राहतात, असे कळले तेव्हा फार वाईट वाटले. रांगेत गप्प उभे असलेले मूल आता कोणाला दिसणार?

बाई समारंभाला येणार आहेत. मी भावालाही सोबत आणणार आहे. त्यांना भेटण्याची त्याची ही पहिलीच वेळ असेल.