रिपमध्ये फिल्टर लावला की चार मिनिटं थांबा

रिप (RIP), म्हणजे कुठल्या नेटवर्कला कुठून जायचं ते रूट राउटरनी एकमेकांना सांगायची जुनी पद्धत, अजून कोण वापरतं असं सगळेच विचारतात, पण एका क्लायंटच्या ब्रँचला जुने सिस्कोचे राउटर आहेत, तिथे रिप व्हर्जन 2 च चालतं आणि नीट चालतं. त्रास वेगळाच होता. हेड ऑफिसला जायला दोन लाइन, एक 10 एमबीची आणि बॅकअपची 2 एमबीची, दोन्हीकडून हॉप, म्हणजे वाटेतले राउटर, सारखेच. रिपला बँडविड्थ कळत नाही, मधे किती राउटर एवढंच तो मोजतो, त्यामुळे त्याने दोन्ही रूट टेबलात घातले आणि ट्रॅफिक वाटून टाकलं, तेही कोण कुठे चाललंय ते बघून, म्हणजे शेजारीशेजारी बसलेल्या दोघांत एकाचं ईआरपी सॉफ्टवेअर पटकन उघडायचं आणि दुसरा नुसता बघत बसायचा.

यासाठी ऑफसेट-लिस्ट, म्हणजे रूटचा आकडा मुद्दाम वाढवणारी कमांड. बॅकअपच्या इंटरफेसवर 'ऑफसेट-लिस्ट 0 इन 3', शून्य म्हणजे सगळे रूट आणि 'इन' म्हणजे आपल्याकडे येणारे, त्यांच्या मेट्रिकमध्ये, म्हणजे हॉपच्या आकड्यात, 3 वाढले आणि जाणारं ट्रॅफिक मोठ्या लाइनवर आलं. पण येणारं ट्रॅफिक हेड ऑफिसचा राउटर ठरवतो, म्हणून 'आउट' चीही, म्हणजे आपण पाठवतो त्या रूटसाठीही, ओळ लागते, ही बरेच जण विसरतात. आकडा मात्र जपून टाका, एकूण मेट्रिक 16 झालं की रिपच्या हिशेबाने ते नेटवर्क पोचण्यापलीकडे गेलं.

मग मी चुकलो. हेड ऑफिसकडून 192.168.50.0/24 हे टेस्टिंगचं नेटवर्क उगाच येत होतं, ते अडवायला प्रीफिक्स-लिस्टमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या यादीत, एक डिनाय (नकार) लिहिला, त्या यादीने रूट गाळणारी डिस्ट्रिब्यूट-लिस्ट 'इन' ला लावली, पिंग चालू होतं, सेव्ह केलं आणि चहाला गेलो. खाली बाकीच्यांना येऊ देणारी परमिटची ओळच नव्हती! लिस्टच्या शेवटी न दिसणारा डिनाय असतोच, म्हणजे मी सगळेच रूट अडवले होते. पण रिप जुना रूट लगेच टाकत नाही, 180 सेकंद अपडेटची वाट बघतो, मग त्याच्यापुढे 'पॉसिबली डाउन' येतं आणि 240 सेकंदांना तो टेबलातून जातो. परत आलो तर माझं सेशन तुटलेलं आणि ब्रँचमधून फोनवर फोन.

सुटका झाली ती हेड ऑफिसच्या राउटरवरून, तिथून लिंकच्या पलीकडच्या, म्हणजे ब्रँचच्या राउटरच्या, आयपीवर टेलनेट (लांबून लॉगिन) केलं आणि आत गेलो, कारण कनेक्टेड, म्हणजे थेट जोडलेल्या नेटवर्कच्या, रूटला डिस्ट्रिब्यूट-लिस्ट हात लावत नाही. 'परमिट 0.0.0.0/0 एलई 32', म्हणजे बाकी सगळे येऊ देत, ही ओळ टाकली आणि पुढच्या अपडेटला, म्हणजे अर्ध्या मिनिटात, सगळे रूट परत आले.

तेव्हापासून लांबून काम करताना आधी 'रीलोड इन 10' देतो, म्हणजे मी अडकलो तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर येतो, मग फिल्टर लावतो, पाच मिनिटं 'शो आयपी राउट' देऊन रूटचं टेबल बघत बसतो, सगळं जागेवर असेल तर 'रीलोड कॅन्सल' आणि त्यानंतरच सेव्ह.