तुम्ही विचारलंत म्हणून: पॉर्न सोडायचंय, पण सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी, आणि हल्ली जणींनीही, विचारलाय की एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं. माझी स्वतःची ही सवय सुटून बरीच वर्षं झाली, मी ते कोणापासून लपवत नाही, त्यामुळे ओळखीओळखीतून कोणीतरी कोणाला माझा नंबर देतं आणि मग रात्री उशिरा मेसेज येतो. मजकूर साधारण एकाच वळणाचा असतो. शपथ घेऊन झाली, सगळं डिलीट करून झालं, चार दिवस बरे गेले आणि परत जैसे थे, आता तुम्हीच सांगा काय करू.

माझं पहिलं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. पहिला आठवडा सोडायचा हट्ट धरूच नका, फक्त लिहून ठेवा. किती वाजले होते, कुठे होतात, त्याच्या आधीचा अर्धा तास काय चाललं होतं आणि मनात काय होतं, एवढंच. "रात्री पावणेबारा, अंथरुणात, ऑफिसचा मेल वाचून डोकं फिरलेलं, मग नुसतं स्क्रोल करत बसलो, एक क्लिप आली जरा तशी, मग दुसरी, मग इन्कॉग्निटो उघडलं." अशी एक ओळ लिहिली तरी खूप झालं, आणि अशा पाच-सहा ओळी जमल्या की त्या एकाखाली एक वाचा, बहुतेकांना दिसतं की साइट उघडणं ही अगदी शेवटची पायरी होती, गोष्ट सुरू झाली ती फोन अंथरुणात नेला तिथे किंवा त्याही आधी, त्या मेलपाशी. शपथ आपण नेहमी शेवटच्या पायरीसाठी घेतो आणि तिथवर पोचेपर्यंत थांबायची ताकद जवळजवळ संपलेली असते. म्हणून काम करायचं ते आधीच्या पायऱ्यांवर.

तुमच्या नोंदींत बहुधा वेगवेगळ्या चेहऱ्यांनी तीच चार-पाच कारणं येतील: एकटेपणा, कंटाळा, राग, झोप न होणं, कशाची तरी धास्ती. वासना या यादीत असतेच पण लोकांना वाटते तितकी वर नसते. ज्याला रोज रात्री एकटं वाटतं त्याला ब्लॉकर, म्हणजे अशा साइट्स अडवणारी सोय, लावून दिला तर तो दोन दिवसांत ब्लॉकरची पळवाट शोधेल, त्याला त्या वेळी बोलायला माणूस पाहिजे.

तरी ब्लॉकर लावा, मी लावू नका म्हणत नाहीये. त्याचा उपयोग एवढाच की मधे दोन मिनिटं मिळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून ती शोधून देणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता टाकला तर प्रौढांसाठीच्या बऱ्याच साइट्स घरच्या वायफायवर उघडतच नाहीत, फुकट आहे, राउटरचा पासवर्ड मात्र दुसऱ्या कोणाकडे ठेवा. पण मोबाइल डेटा चालू केला की हे सगळं बाजूला पडतं, म्हणून माझा खरा भर चार्जरवर असतो. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, फोन रात्री तिथेच, उठायला साधं घड्याळ. ऐकायला फार किरकोळ वाटतं, पण ज्यांनी हे एक मनापासून पाळलं त्यांच्या रात्री आधी सुधारल्या, बाकीचं मागून आलं.

आता ओढ लागते तेव्हा काय करायचं. "मी विचारच करणार नाही" हे चालत नाही, आणि यात तुमचं मन कमकुवत वगैरे काही नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून बसवलं होतं आणि आलाच विचार तर घंटी वाजवा म्हणाला, घंट्या वाजतच राहिल्या. दाबलेला विचार डोकं वर काढतोच. त्यापेक्षा ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी दारू-सिगरेट सोडणाऱ्यांना शिकवलेली पद्धत बरी, ते ओढीला लाट म्हणायचे. ती चढते, माथ्यावर येते, उतरते, आपण तिच्याशी मारामारी करायची नाही आणि तिच्यामागे वाहतही जायचं नाही. प्रत्यक्षात असं करा: फोन खाली ठेवा, जागेवरून उठा, ओढ शरीरात कुठे जाणवतेय ते बघा, छातीत धडधड आहे का, पोटात काही होतंय का, जबडा आवळलाय का, आणि श्वासाकडे लक्ष ठेवत ते कमी-जास्त होताना नुसतं बघत राहा. पहिल्यांदा असह्य वाटेल. पण आपण काहीही न करता ती आपोआप ओसरते हे एकदा स्वतः अनुभवलंत की पुढच्या वेळची भीती निम्मी होते, आणि हा अनुभव मी सांगून येत नाही, तो घ्यावाच लागतो.

घसरलात तर? घसराल, बहुतेक सगळे घसरतात. नुकसान त्या एका वेळेने फारसं होत नाही, नंतरच्या "आता गेलंच आहे तर जाऊ दे" या विचाराने होतं, त्या एका वाक्यावर माणसं अख्खा शनिवार-रविवार घालवतात. मार्लॅट यांनी या मनःस्थितीवरही खूप काम केलंय. याच कारणासाठी मला दिवस मोजणारी ॲप्स आवडत नाहीत, काहींना त्यांचा आधार वाटतो हे मान्य, पण एका रात्रीनंतर आकडा शून्यावर आला की सगळं धुऊन गेल्यासारखं वाटतं आणि ते खरं नसतं, मधल्या दिवसांत तुम्ही जे शिकलात ते कुठेही गेलेलं नसतं. घसरल्यावर तोंड धुवा, वहीत ती ओळ लिहा, झोपा, सकाळी ठरल्याप्रमाणे उठा. रात्री दोन वाजता नवीन शपथ तर अजिबात नको.

दुसरी एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय, कारण मेसेज करणाऱ्यांतली कितीतरी मुलं नुसत्या भीतीने अर्धी झालेली असतात. हस्तमैथुन हा आजार नाही. त्याने शक्ती जात नाही, गाल बसत नाहीत, पुढे मूल होत नाही असंही काही नाही. कोणी ही भीती घालून तुम्हाला औषधं विकत असेल तर तिथून उठून या.

मग त्रास कशाला म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, 'कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर', म्हणजे लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याचा आजार, आहे, आणि तो व्यसनांच्या गटात न टाकता इम्पल्स कंट्रोलच्या, म्हणजे ऊर्मी न आवरण्याच्या, गटात ठेवलाय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं की साधारण सहा महिने किंवा जास्त काळ इच्छेवर ताबा राहत नाही, तब्येत, काम, घर मागे पडतं, थांबायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, नुकसान होऊनही किंवा मजा उरलेली नसतानाही ते चालूच राहतं. आणि नुसती आपल्या नीतीच्या कल्पनेतून येणारी अपराधी भावना असेल तर तेवढ्यावरून हे निदान करायचं नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी बघून आठवडाभर स्वतःला शिव्या घालणाऱ्या माणसाला मदत लागते ती बहुतेक त्या शिव्यांसाठी.

पॉर्नपलीकडे गेलेलं असेल, म्हणजे अनोळखी लोकांशी सेक्स चॅट, पैसे देऊन कॉल्स, एकामागून एक भेटी, तरी आधीची वही आणि चार्जर तसाच लागू आहे, फक्त दोन कामं वाढतात. फोनमध्ये सेव्ह केलेली कार्डं काढून टाका, आणि लैंगिक आजारांच्या तपासण्या करून घ्या, लाजू नका, लॅबवाल्यांसाठी ते रोजचं काम आहे. आणि ओढ लहान मुलांबद्दल असेल किंवा कोणावर जबरदस्ती करण्याची असेल तर स्वतःच्या प्रयोगांत एक दिवसही घालवू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

सांगायचं कोणाला हेही विचारतात. एका माणसाला सांगा, जो ऐकून घेईल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याशी तसाच वागेल. बायकोला किंवा नवऱ्याला सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण फोन तपासायचं काम त्यांच्यावर टाकू नका, त्यात दोघांचं नातं पोलीस आणि आरोपीचं होतं, आणि ऐकून त्यांना जो धक्का बसेल तो पचवायला त्यांना त्यांचा वेळ द्या.

हे सगळं करून दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटायला लागलं (तसं असेल तर त्याच दिवशी), डॉक्टर गाठा. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी) आणि ॲक्ट (नकोशा विचारांशी न झगडता आपल्याला महत्त्वाचं ते करत राहायला शिकवणारी) या दोन थेरपी यात वापरल्या जातात, ॲक्टची तर पॉर्नच्याच त्रासावर १२ सेशन्सची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली होती, गट लहान होता पण पाहणं बरंच कमी झालं. जाताना चालू औषधांची यादी न्या. पार्किन्सन्ससाठी किंवा पाय वळवळण्याच्या त्रासावर देतात त्या डोपामिनवर काम करणाऱ्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल, काही जणांची कामेच्छा एकदम बेफाम होते, आणि मेनियातही (मन आणि उत्साह अति उंचावण्याचा मानसिक आजार) तसं होऊ शकतं, अशा वेळी उपाय वेगळा असतो (गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना ठरवू दे). समोर बसल्यावर बहुतेकांच्या तोंडून "झोप येत नाही" एवढंच बाहेर पडतं आणि मग झोपेची गोळी घेऊन घरी येतात. म्हणून खरी गोष्ट एका कागदावर लिहून न्या, किती वर्षं, आठवड्यातून किती वेळ, काय काय करून पाहिलं, आणि तोंडाने सांगता आलं नाही तर तो कागद सरळ त्यांच्यापुढे सरकवा.