दोन डॉलर सतरा सेंट

रविवार, रात्री उशिरा

दांडा अजून फिरवलेला नाही. उजव्या बाजूचा, आकडे शून्यावर आणायचा. आज तिसरा दिवस.

इथे अमेरिकेत, एका शेतावरच्या लिलावात हा जुना पेट्रोलचा पंप ‘लोखंडी कपाट’ म्हणून पुकारला गेला आणि मी श्वास धरून उभी राहिले. त्या नशिबाचं कौतुक सगळ्यांना सांगून झालंय, इथे पुन्हा नको. टोकहाइम कंपनीचं 39 नंबरचं मॉडेल. पाटीवर फोर्ट वेन, इंडियाना. बाउझर, वेन आणि टोकहाइम, तिन्ही पंपवाले त्याच एका गावचे. (आपल्याकडे विमानतळावर इंधनाच्या टँकरला बाउझर म्हणतात, ते यातल्याच पहिल्याचं आडनाव. त्याने 1885 मध्ये रॉकेलचा पंप विकून धंदा सुरू केला होता.) दोन्ही काचा शाबूत, आकड्यांची डबी जागेवर. नळी वाळून लाकूड झालेली. डोक्यावरचा ग्लोब अर्थातच नाही. दुधी काचेचा मूळ ग्लोब पंपाच्या आधी विकला जातो आणि कित्येकदा पंपापेक्षा महाग जातो. हे सगळं अपेक्षित होतं.

अपेक्षित नव्हते ते आकडे. विक्री 2.17. गॅलन 6.2. भाव 31.9 सेंट.

कुणीतरी दोन डॉलर सतरा सेंटचं पेट्रोल घेतलं आणि निघून गेलं. पुढचं गिऱ्हाईक आलं की दांडा फिरतो, आधीचं पुसलं जातं. पुढचं गिऱ्हाईक आलंच नाही. आता मी आलेय.

न फिरवायला कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. आकड्यांची डबी व्हीडर-रूट कंपनीची. खाली मीटरमधून पेट्रोल वाहिलं की एक उभी सळई फिरते, ती वर या डबीत येते. आत दातेरी चाकांची उतरंड असते, आणि भावाच्या तीन आकड्यांसाठी तीन खटके. खटका ज्या चाकावर टेकेल त्या मानाने पैशांची चाकं पळतात. थोडक्यात, गुणाकार करणारं घड्याळ. यातले काही भाग ओतीव जस्ताचे असतात आणि दुखणं तिथेच असतं. जुन्या ओतकामात जस्तात किंचित शिसं मिसळलं गेलं असेल, तर दमट हवेत धातू आतून कुजतो, फुगतो, भेगाळतो आणि एक दिवस बिस्किटासारखा मोडतो. असा जाम दांडा जोर लावून फिरवला तर दाते आधी जातात. म्हणून शिवणयंत्राचं तेल, थेंब-थेंब, आणि वाट पाहायची. बुडाच्या गंजलेल्या बोल्टना निम्मं ॲसिटोन, निम्मं ऑटोमॅटिक गिअरचं तेल चालतं. डबीजवळ ते मिश्रण न्यायचंच नाही, चाकांवरचे छापील आकडे विरघळून जातील. ज्योत तर कुठेच नाही. पंपात पेट्रोलमधली हवा वेगळी करायची टाकी असते, तिला अजून वास येतो. ती पाण्याने भरून रिकामी करायची, उघडी ठेवायची, परत भरायची. हातमोजे घालून, कारण त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं.

तर कारण होतं. पण तेल काल रात्रीच आत उतरलं. चाकं मोकळी आहेत, बोटाने ढकलली तर हलतील. म्हणजे कारण संपलं आणि मी तशीच बसलेय.

ह्याचं म्हणणं, खाली एकूण गॅलनचा आकडा आहेच की, तो कधीच शून्य होत नाही, तुझे 6.2 त्यात सुरक्षित आहेत. खरंय. समुद्रात थेंबही सुरक्षित असतो.

घर विकलं तेव्हा दादाने विजेच्या मीटरचं शेवटचं रीडिंग फोनवर वाचून दाखवलं होतं. मी लिहूनसुद्धा घेतलं नाही. असो.

मघाशी, दुसरं काही सुचेना म्हणून, गुणाकार करून पाहिला. 6.2 गुणिले 31.9. येतात एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट.

परत केला. एक अठ्ठ्याण्णव.

एकोणीस सेंट जास्त कुठून आले? एखादं चाक घसरलं असावं म्हणून मागच्या तोंडावर बॅटरी मारली. तिथेही 2.17 आणि 6.2. दोन्हीकडची चाकं अगदी सारखीच घसरली असं मानवत नाही. मग उलटा भागाकार: 2.17 भागिले 6.2, म्हणजे पस्तीसच्या आसपास. भाव 34.9 असणार. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर कुणीतरी डबी उघडून तीन खटक्यांपैकी एक हलवला आणि भाव तीन सेंटने उतरवला. त्या काळी इथे समोरासमोरचे पंप भाव पाडायची लढाई करायचे. याने भाव पाडला आणि तरी कुणी आलं नाही!

अशा डब्यांचा शेवट बहुधा महागाईने झाला. जुन्या 49.9 सेंटच्या पुढे जात नव्हत्या, त्यानंतरच्या 99.9 च्या. 1979 मध्ये गॅलन डॉलरवर गेला तेव्हा कित्येक ठिकाणी पंपावर अर्धा भाव लावून पैसे दुप्पट घेत. माझा मात्र स्वस्ताईने गेला. याचं मला अर्धा तास फार वाईट वाटलं.

नंतर आठवलं, डबीचं झाकण मला उघडंच मिळालं होतं. इतकी वर्षं कोठारात पडलेल्या पंपाचे खटके हलवायला भावयुद्ध कशाला हवं, पावसाळ्यात कंटाळलेलं एक पोरगं पुरे. आणि 6.2 तरी कुठे पवित्र आहे? वापरातल्या पंपाला पाच गॅलनच्या मापात सहा घनइंच चूक इथला नियम चालवून घेतो. या विक्रीवर ती चहाच्या एका छोट्या कपाएवढी होते. तीन दिवस ज्याच्यापुढे हात जोडून बसले ते बिलच धड जुळत नाही.

शिवाय चाकं स्वच्छ करायची तर ती फिरवावीच लागणार. खिडकीत एका वेळी एकच आकडा दिसतो, उरलेल्या नवांवर धूळ तशीच आहे.

उद्या दोन्ही तोंडांचे फोटो, पट्टी धरून, झाकणाच्या आतल्या मूळ रंगाचासुद्धा. मग दांडा, अर्धा वळसा, अडखळला तर तिथेच थांबायचं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कापसाची काडी, आणि ॲसिटोनची बाटली गॅरेजबाहेर.

भावाचे खटके कुठे ठेवू ते अजून ठरत नाही. 34.9 की 31.9?