झाओशिंगचा पाऊस आणि ऐंशी युआनची खोली

"जूनमध्ये? ग्वेइझौला?" ग्वांगझौच्या हॉस्टेलमधल्या काउंटरवरच्या मुलीने फोनवर भाषांतर करून मला एक जुनी म्हण दाखवली. चीनच्या नैऋत्येकडच्या या प्रांतात सलग तीन दिवस ऊन नाही, तीन फूट जमीन सपाट नाही आणि माणसाच्या गाठीला तीन पैशांची चांदी नाही. तिसरी अट मी आधीच पूर्ण करत होते. पहिल्या दोन बघायला निघाले होते.

गोष्ट 2024ची. भारत-चीन थेट विमानं तेव्हा बंदच होती. बँकॉकमार्गे जाण्यातच निम्मे पैसे संपले. उरलेल्यात दहा दिवस काढायचे म्हणजे पावसाळ्याशिवाय इलाज नव्हता. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत ज्या खोलीला हात लावायची सोय नसते, ती जूनमध्ये ऐंशी युआनला मिळाली. आपले नऊशे-साडेनऊशे रुपये.

ग्वेइयांग-ग्वांगझौ हायस्पीड रेल्वे डिसेंबर 2014मध्ये सुरू झाली आणि दोंग या अल्पसंख्याक समाजाची ही डोंगरातली गावं एकदम हाताशी आली. ग्वेइलिनचे सुळके ढगात बुडाले होते. पुढे बोगदा, पूल, बोगदा, पूल. मी राजापूरकडची, कोकण रेल्वेवर वाढलेली, त्यामुळे घरच्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की इथे बोगद्याबाहेरचा डोंगर नीट बघायच्या आत दुसरा बोगदा येतो. त्सोंगज्यांग स्टेशनला उतरून बसने झाओशिंग हे दोंगांचं गाव गाठलं.

गावात शिरले तेव्हा धो धो कोसळत होता. अ‍ॅपवरून बुक केलेल्या घराच्या मालकाने माझा पासपोर्ट उलटासुलटा पाहिला आणि मान हलवली. परदेशी पाहुण्याची चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. ती कशी करतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या दारात साठीची एक बाई भाजी निवडत बसली होती. तिने आधी माझी सॅक उतरवून घेतली, मग भाच्याला हाक मारली. त्याच्याबरोबर पोलीस चौकीत जाऊन पाच मिनिटांत काम झालं. अनोळखी प्रौढ बाईला चिनीत ‘आयी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ मावशी. मग काय, मी तिला सरळ मावशी म्हणू लागले. तीही ओ देऊ लागली.

मी आले होते भातखाचरांचे फोटो काढायला. इन्स्टाग्रामवर असतात ना, पाण्याने भरलेली, आरशासारखी, डोंगरभर उतरत जाणारी. पहिले दोन दिवस खिडकीबाहेर नुसतं पांढरं. चिडचिड झाली. शेवटी छत्री घेऊन ओढ्यावरच्या पुलावर जाऊन बसले.

या पुलांना ‘वारा-पावसाचा पूल’ म्हणतात. वर कौलारू छप्पर, दोन्ही कडांना लांबच लांब बाकं, सगळं लाकूड खाचा पाडून एकमेकांत अडकवलेलं. पलीकडे जाणं हे याचं दुय्यम काम असावं. म्हातारे पत्ते कुटत होते, एक आजी नातवाला पाठीशी बांधून झुलवत होती, कुणी कोंबडी पिशवीत घालून पाऊस थांबायची वाट बघत होतं. खाली ओढा चहाच्या रंगाचा झाला होता. गावात पाच वाड्या, प्रत्येकीचा आपला पूल, आपला रंगमंच आणि आपला ढोलमनोरा, म्हणजे ढोल ठेवायचा लाकडी मनोरा. मनोऱ्यांची नावं कन्फ्यूशियसच्या पाच सद्गुणांवरून ठेवलेली, त्यात शहाणपणही आहे. दोंगांची बहुस्वरी समूहगीतं 2009मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पर्यटकांसाठी त्यांचा प्रयोग होतो, तो मी पाहिला. ठीक होता. पुलावरची कोंबडी जास्त लक्षात राहिली.

आणि दिवसभर कुठून तरी ठक-ठक, ठक-ठक. आवाजाच्या मागावर गेले तर एका पडवीत एक बाई दगडावर कापडाची घडी ठेवून लाकडी मोगरीने बडवत होती. निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं कापड, इतकं गडद की काळंच वाटावं. बडवून बडवून त्याला तांबूस झळाळी येते, चामड्यासारखी. अंड्याचा पांढरा बलकही लावतात. मी हात लावून बघितला. बोटं दोन दिवस निळी होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस जरा ओसरला आणि मी वरच्या थांगआन गावाला चढले. पायऱ्यांचे दगड शेवाळाने असे बुळबुळीत, की स्पोर्ट्स शूजचा काही उपयोग नाही. गावातल्यांसारखे गमबूट घ्या, बाजारात स्वस्त मिळतात. छत्रीचा नादही सोडा. वाटेत लावणी चालली होती. प्लॅस्टिकचे रेनकोट, वाकलेल्या पाठी, डाव्या हातात रोपांची मूठ. बांधावरून ओळखीचा वास आला, चिखलाचा आणि कुजक्या गवताचा. खाचरात बोटभर मासे सोडलेले. मासे जरा मोठे झाले की बदकं सोडतात. दोघं मिळून किडे आणि तण खातात, त्यांची विष्ठा भाताला खत. त्सोंगज्यांगच्या या भात-मासे-बदक पद्धतीला 2011मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, जागतिक कृषी वारशात घेतलं. माझ्या आजोबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बदकं रोपं उपटतील. म्हणूनच रोपं धरेपर्यंत त्यांना आत घेत नाहीत.

त्याच खाचरातला मासा रात्री मावशीने वाढला. मीठ, मिरची आणि चिकट भात भरून लाकडी पिंपात महिनोन्महिने मुरवलेला. आंबट, तिखट, आणि वास असा की आमच्या सुक्या मासळीच्या बाजारानेही दचकावं. दुसरा तुकडा मी मागून घेतला. शाकाहारी मंडळींनी मात्र "वो छ्र सू" (मी शाकाहारी आहे) हे वाक्य पाठ करून जावं. तरीही पालेभाजीत डुकराची चरबी निघू शकते.

च्यापांगच्या खाचरांना जायचं ठरलं होतं, पण रस्त्यावर दरड आली आणि बस बंद. आणखी दोन रात्री मावशीकडेच. खोली, दोन वेळचं जेवण, सकाळचं दहा युआनचं राइस नूडल, सगळं धरून दिवसाला दीड हजार रुपयांच्या आतबाहेर.

निघायच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. खरंखुरं ऊन. वरची खाचरं, पाणी, ढग, सगळं त्या फोटोंसारखं. मी स्टेशनच्या बसमध्ये होते, कॅमेरा सॅकच्या तळाशी ओल्या मोज्यांखाली. गाडी सुटली, पहिला बोगदा आला. पलीकडे निघालो तर पाऊस.