रिक्त जागांपैकी पन्नास टक्के

संशोधक विद्यार्थ्यांची प्रकरणे तपासणे हे कोल्हापुरातले माझे नेहमीचे काम. परंतु गेल्या जुलैतला एक अख्खा दिवस एकाच वाक्यावर गेला. शाहू जयंती नुकतीच होऊन गेली होती. माझी एक विद्यार्थिनी, जी वर्तमानपत्रांतूनही उत्तम लिहिते, भर पावसात प्रबंधाचे दुसरे प्रकरण घेऊन आली. पहिल्याच पानावर तिने लिहिले होते, 'राजर्षींनी १९०२ साली मागासवर्गीयांना पन्नास टक्के आरक्षण देऊन शतकांचा अन्याय एका फटक्यात पुसून टाकला.'

मी 'पुसून टाकला' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"सर, जयंतीच्या लेखात हेच वाक्य होतं. कितीतरी लोकांनी फोन करून कौतुक केलं," ती म्हणाली.

ते कौतुक रास्तच होते. लेखाचा वाचक लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास टाकून पुढे जातो. प्रबंधाच्या वाचकाने मात्र तसा विश्वास टाकायचाच नसतो, त्याला प्रत्येक विधानामागचा कागद दाखवावा लागतो. म्हणून आम्ही २६ जुलै १९०२ च्या हुकुमाची प्रत समोर घेऊन ओळीवर बोट ठेवून वाचू लागलो. हुकूम पोहोचल्या तारखेपासून रिक्त होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के, असे त्यात आहे. म्हणजे आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्याने हात लावलेला नव्हता. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व, अशी व्याख्याही आहे. या व्याख्येत मराठेही येतात, हे लक्षात येताच आजचा 'मागासवर्गीय' हा शब्द त्या काळाला सरळ लावता येणार नाही, हे तिचे तिलाच उमगले.

शेवटी, नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने पाठवावे, अशी आज्ञा होती. तिथे ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "नुसत्या हुकुमानं खाती हलणार नाहीत, हे महाराजांना ठाऊक होतं."

"हे हुकुमात लिहिलंय, की तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

मग तिने ते वाक्य 'असे दिसते' या शब्दांनी संपवले. 'असे दिसते' लिहिणे म्हणजे कच खाणे, असे तिला आजवर वाटत आले होते, आणि ही समजूत मला फार विद्यार्थ्यांत आढळते. माझ्या मते कागद कुठे संपला आणि आपला तर्क कुठे सुरू झाला, ही सीमा वाचकाला उघड दाखवण्यातच धैर्य आहे.

संध्याकाळी वाक्य असे झाले: 'या हुकुमाने करवीर संस्थानात पुढे रिक्त होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या आणि अंमलबजावणीचा तिमाही हिशेब मागितला.' खाली तळटीप आली. जुने वाक्य तिने स्वतःच खोडले आणि ती तिमाही पत्रके कुठे शिल्लक आहेत का, हे शोधायला दुसऱ्या दिवशी सकाळीच पुराभिलेखागार गाठले.